आरटीएल ८१२५ चं लॅन कार्ड: सुस्त फाइल सर्व्हरवर पैसे घालण्याआधी

‘टू पॉइंट फाइव्ह जी’ (म्हणजे सेकंदाला अडीच गिगाबिट) म्हणून जी लॅन कार्डं मिळतात, त्यांच्या खोक्यांवर नावं दहा असतील, पण आत बहुतेकदा एकच चिप निघते: रिअलटेकची आरटीएल ८१२५. पीसीआय एक्सप्रेसच्या एक्स-वन स्लॉटमध्ये बसणारं छोटं कार्ड, एक आरजे-४५ पोर्ट, चिपवर बारीकशी हीटसिंक, उंच आणि बुटक्या कॅबिनेटसाठी दोन पट्ट्या, आणि अजूनही काही खोक्यांत एक चिमुकली सीडी. ती सीडी बाजूला ठेवा, तिच्याबद्दल पुढे येईलच. किंमत ब्रँडप्रमाणे साधारण हजार ते अडीच हजार. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळच्या कॉम्प्युटर दुकानांत सांगून ठेवलं की मिळतं, नाहीतर कुरिअर आहेच.

वेग वाढवायला म्हणून हे कार्ड घेणारे थोडे. सीएच्या ऑफिसात टॅलीचा डेटा ज्या मशीनवर शेअर केलाय ते दुपारनंतर अडखळतं, फोटो स्टुडिओत लग्नाचं शूटिंग सर्व्हरवर टाकायला तास लागतो, आंबा पॅकिंगच्या सीझनमध्ये चलनाची फाइल उघडताना एक्सेल ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दाखवून बसतं. मग कुणीतरी म्हणतं, कार्ड बदला. कार्ड बदललं की खरंच बरं वाटतं आणि श्रेय कार्डाला जातं. प्रत्यक्षात बऱ्याचदा कार्डाबरोबर ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांच्यातलं दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर) बदललेला असतो, आणि सुधारणा त्याची असते.

म्हणून निकाल आधीच देतो. कार्ड चांगलं आहे, किंमतही वाजवी आहे. पण मदरबोर्डवरचं पोर्ट शाबूत असेल आणि ड्रायव्हर चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर आधी ड्रायव्हर बदला, फुकट होतं. आणि कार्ड घेतलंच, तर विंडोजने आपणहून चढवलेल्या ड्रायव्हरवर ते सोडू नका.

आधी जुन्याचीच नाडी बघा

पहिली तपासणी सर्व्हरवरच. जी फाइल टेबलावरच्या मशीनवरून रखडते, तीच सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवरून उघडा. तिथेही रखडली तर नेटवर्कचा संबंध नाही, डिस्ककडे वळा (त्याचाही ड्रायव्हर असतो, पुढे बघू). तिथे झटकन उघडली तर वायरीच्या मागे लागायचं.

दुसरी, लिंक स्पीड. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, खाली ‘लिंक स्पीड’. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर ड्रायव्हरला हात लावायच्या आधी केबल बदला. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. चार, पाच, सात, आठ या पिनांपैकी एकीचा संपर्क गेला की लिंक गुपचूप १०० वर उतरते. दिवा हिरवाच लागतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. समुद्रापासून जवळच्या ऑफिसांत हे फार दिसतं. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल मिळून क्रिम्पिंगच्या पात्यांवर हिरवट थर चढतो. फरक किती, तर १०० वर फाइल सेकंदाला साधारण ११ एमबीने जाते, गिगाबिटवर ११० च्या आसपास. ४० जीबीचं लग्न गिगाबिटवर सहा-सात मिनिटांत चढतं, १०० वर तासभर घेतं.

तिसरी तपासणी आयपर्फची. हे फुकटचं छोटं साधन डिस्कला मध्ये न आणता फक्त नेटवर्क मोजतं. सर्व्हरवर ते सर्व्हर म्हणून चालू करा, टेबलावरच्या मशीनवरून क्लायंट म्हणून, आधी सरळ आणि मग ‘आर’चा पर्याय देऊन उलट दिशेने. (फायरवॉल अडवत असेल तर ५२०१ हे पोर्ट तेवढ्यापुरतं उघडावं लागेल.) निरोगी गिगाबिटवर दोन्ही दिशांना ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा येतो. केबल आणि स्विचचं (सगळ्या मशीनच्या लॅन वायरी जिथे येतात त्या डब्याचं) पोर्ट बदलूनही एका दिशेला ९४० आणि दुसरीकडे दोन-तीनशे, किंवा दर काही सेकंदांनी आकडा शून्यावर जाऊन परत वर येतोय, तर संशयाचं बोट ड्रायव्हरकडे.

त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत सर्व्हरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा. रिकाम्या लॅनवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतं, कॉपी चालू असताना थोडं वाढेल. पण मध्येच तीनशे-चारशे मिलिसेकंद, किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’? चांगल्या केबलवर असं होत नाही. टॅलीसारख्या कामात मोठ्या वेगापेक्षा हीच उशिराची गोष्ट बोचते, कारण तिथे एक मोठी फाइल जात नाही, असंख्य बारीक वाचन-लेखन जातं आणि प्रत्येकाला उत्तराची वाट बघावी लागते.

चौथी जागा इव्हेंट व्ह्यूअर, त्यातला ‘सिस्टिम’ लॉग. इंटेल पोर्ट असेल तर इव्हेंट क्रमांक २७, म्हणजे ‘नेटवर्क लिंक तुटली’, आणि पाठोपाठ ३२, ‘लिंक जोडली गेली’. रिअलटेकच्या नोंदी ‘आरटी६४०’ किंवा ‘आरटीसीएक्स२१’ ने सुरू होणाऱ्या नावाखाली सापडतात. दिवसातून दहा-वीस वेळा अशी जोडी दिसत असेल, तर वापरणाऱ्याला ते ‘सर्व्हर हँग’ म्हणून जाणवणार, कारण तुटून जोडायला दोन-चार सेकंद जातात आणि तेवढ्यात एक्सेल रुसतं. ‘अपेक्षेप्रमाणे’ लाईट गेल्यावर स्विच बंद पडून झालेल्या नोंदी मात्र यातून वगळा. यूपीएस सर्व्हरला आणि स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटला, ही मांडणी आपल्याकडे घराघरात आहे.

जुना ड्रायव्हर नेमकं काय बिघडवतो

गिगाबिट भरून वाहतं तेव्हा सेकंदाला सुमारे ८१ हजार पूर्ण आकाराची पाकिटं (पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे) येतात. प्रत्येक पाकिटासाठी प्रोसेसरला हाक मारली तर तो दुसरं काही करूच शकणार नाही, म्हणून बरीच कामं कार्डावर ढकललेली असतात. उदाहरणार्थ ‘लार्ज सेंड ऑफलोड’: विंडोज ६४ केबीपर्यंतचा एक मोठा गठ्ठा कार्डाला देतं आणि कार्ड त्याचे १,४६० बाइटचे तुकडे पाडून वायरीवर सोडतं. हे तुकडे पाडायच्या कामात ड्रायव्हर चुकला की काही तुकडे हरवतात, समोरचं मशीन पुन्हा मागतं, आणि प्रत्येक मागणीमागे सेकंदाचा काही भाग नुसता वाट पाहण्यात जातो. कॉपीची हिरवी पट्टी करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होते ती यामुळे. सर्व्हरवर फाइल टाकताना ठीक आणि सर्व्हरकडून आणताना वाईट, हा या दुखण्याचा ठसा.

दुसरा गुन्हेगार वीज वाचवणारी सोय. ‘एनर्जी एफिशिअंट इथरनेट’ म्हणजे ८०२.३एझेड हे २०१० चं मानक: वायरीवर काही चाललं नसेल तर पोर्टने डुलकी घ्यावी आणि काम आलं की जागं व्हावं. कागदावर जागं व्हायला काही मायक्रोसेकंद पुरतात. पण जुना ड्रायव्हर आणि स्वस्तातला स्विच यांचं जमलं नाही तर डुलकीची झोप होते आणि लिंकच पडते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली फाइल उघडायला वेळ लागतो आणि मग सगळं सुरळीत चालतं, असं असेल तर इथेच बघा.

तिसरी भानगड हळू चढणाऱ्या विषासारखी. ड्रायव्हर मेमरी घेतो आणि परत करत नाही. सर्व्हर रीस्टार्ट केला की तीन-चार दिवस सुरेख, मग पुन्हा सुस्त. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी, खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ हा आकडा रीस्टार्टनंतर लगेच टिपून ठेवा आणि तीन दिवसांनी परत बघा. काही शे एमबीवरून तो दोन-तीन जीबीवर गेला असेल तर कुठला ना कुठला ड्रायव्हर गळतोय. ‘दर सोमवारी रीस्टार्ट मारतो’ हा उपाय करणाऱ्या ऑफिसांनी एवढं जरूर बघावं.

तारखेची फसगत

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर डबल क्लिक, ‘ड्रायव्हर’चा टॅब. तिथे तारीख २१ जून २००६ दिसली तर दचकू नका. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरना मायक्रोसॉफ्ट मुद्दाम हीच जुनी तारीख देतं, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की तो आपोआप वरचढ ठरावा. तेव्हा तारखेपेक्षा ‘प्रोव्हायडर’ बघा. तिथे मायक्रोसॉफ्ट लिहिलं असेल तर विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर चालू आहे; रिअलटेक किंवा इंटेल असेल तर मग आवृत्ती आणि तारीख यांना अर्थ आहे.

चिप कुठली ते ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडून कळतं. व्हेंडर १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. पुढचं डिव्हाइस ८१६८ असेल तर मदरबोर्डवरचं नेहमीचं गिगाबिट, ८१२५ असेल तर हे अडीच गिगाबिटवालं. हे दोन आकडे कागदावर लिहून घेतले की चुकीचा ड्रायव्हर उतरवायचा प्रश्नच राहत नाही. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणारी सॉफ्टवेअरं सर्व्हरवर घालू नका, दुसरं काही बोलायला नको.

कार्ड घेतलंच तर: बसवताना

स्लॉट बघून घ्या. कार्डाला पीसीआय एक्सप्रेस लागतं; जुन्या बोर्डावरचे लांब पांढरे पीसीआय स्लॉट चालत नाहीत. एक्स-वनचं कार्ड एक्स-फोर किंवा एक्स-सिक्स्टीनच्या लांब स्लॉटमध्येही व्यवस्थित चालतं. फार जुन्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची पहिली पिढी असेल, तर एका लेनमधून सेकंदाला २५० एमबीच जाऊ शकतात आणि अडीच गिगाबिटला ३१२ लागतात. गिगाबिटवरच चालवणार असाल तर याने काही अडत नाही.

हे काम ऑफिस सुटल्यावर करा आणि मॉनिटर-कीबोर्ड सर्व्हरला जोडून करा. रिमोटवरून नेटवर्कचा ड्रायव्हर बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. आधी या तीन गोष्टी: सर्व्हरचा आयपी, सबनेट, गेटवे, डीएनएस कागदावर; आत्ताचा ड्रायव्हर ‘पीएनपीयुटिल’च्या एक्सपोर्ट कमांडने एका फोल्डरमध्ये; आणि नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर, कारण जुना काढल्यावर इंटरनेट नसणार.

सीडीवरचा ड्रायव्हर कार्ड खोक्यात भरलं त्या काळचा असतो. रिअलटेकच्या साइटवर विंडोजसाठी एकाहून जास्त फाइली दिसतात आणि इथेच गोंधळ उडतो. एक ‘एनडीआयएस’ प्रकारची, एक ‘नेटअडॅप्टरसीएक्स’ प्रकारची, आणि एनडीआयएसमध्येच एक ‘नॉट सपोर्ट पॉवर सेव्हिंग’ असं शेपूट लावलेली. लॅपटॉपला बॅटरीसाठी वीजबचत हवी, चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला ती नको. फाइल सर्व्हरवर शेपूटवालीच घ्या. या कार्डाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही.

इन्स्टॉल झाल्यावर मदरबोर्डवरचं जुनं पोर्ट बायॉसमधून (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करा. दोन्ही पोर्टं एकाच स्विचला जोडून ठेवली की काही मशीन एका आयपीवर येतात, काही दुसऱ्यावर, आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ ही नवी तक्रार जन्माला येते.

मग आयपी द्यायला जाल तेव्हा विंडोज अडेल: हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे, आणि ते अडॅप्टर आता मशीनमध्ये नाही. जुन्या पोर्टाचं भूत आहे ते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो हिडन डिव्हाइसेस’, आणि फिकट दिसणारं जुनं अडॅप्टर अनइन्स्टॉल करा. त्याहून जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे नेटवर्क प्रोफाइल. कार्ड बदललं की विंडोजला नेटवर्क नवीन वाटतं, ते त्याला ‘पब्लिक’ ठरवतं आणि फायरवॉल फाइल शेअरिंग अडवतं. पिंगही जात नाही, फोल्डरही दिसत नाही, आणि कार्ड खराब निघालं म्हणून लोक परत पाठवायला निघतात. प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा, काम झालं. राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) आयपी राखून ठेवला असेल, तर तिथे नव्या कार्डाचा मॅक टाकायला विसरू नका.

‘अॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये काय हलवायचं, काय नाही

बंद करायचं: एनर्जी एफिशिअंट इथरनेट, ग्रीन इथरनेट, पॉवर सेव्हिंग मोड, गिगाबिट लाइट. (शेवटचं म्हणजे तारांच्या दोन जोड्यांवर ५०० एमबीपीएसने चालायची रिअलटेकची स्वतःची युक्ती, लिंक स्पीड ५०० दिसलं तर कोडं इथे सुटतं, आणि केबलही बघा.) शेजारच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ वरची खूण काढा. वीजबचत नसलेला ड्रायव्हर घातला असेल तर यातले काही पर्याय मुळातच दिसणार नाहीत, तेही योग्यच.

‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवरच राहू द्या. ‘१ गिगाबिट फुल’ असं ठोकून बसवल्याने फायदा होतो ही जुनी समजूत आहे. तांब्यावरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन लागतंच. एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला १०० फुल ठोकलेलं असेल, तर ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेला) जातं आणि भार आला की टकरा सुरू होतात.

‘लार्ज सेंड ऑफलोड’ फक्त चाचणीपुरतं बंद करा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीसाठी. बंद केल्यावर आयपर्फचा आकडा सुधारला तर ड्रायव्हर नक्की सदोष. दुसरी आवृत्ती शोधा आणि ऑफलोड परत चालू करा. ‘इंटरप्ट मॉडरेशन’ आणि ‘रिसीव्ह साइड स्केलिंग’ आहे तसं चालू ठेवा. हे दुसरं बंद असेल तर सगळी पाकिटं प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) येऊन आदळतात. ‘जम्बो फ्रेम’च्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांच्या, नादी लागू नका. ते सर्व्हर, स्विच, प्रत्येक मशीन, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर अशा सगळ्यांवर सारखं असावं लागतं. एकानेही नाही म्हटलं की मोठ्या फाइली मध्येच अडकतात आणि छोट्या मात्र चालतात.

आणि एक: ड्रायव्हर पुढच्या वेळी अपडेट केला की यातल्या बऱ्याच गोष्टी मूळ जागी परत जातात. विंडोज अपडेटही कधी आपल्या मर्जीने दुसरी आवृत्ती आणून बसवतं. तक्रार परत आली तर आधी हा टॅब उघडा.

जेव्हा दोष नेटवर्कचा नसतोच

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक १२९, ‘रेडपोर्टला रीसेट पाठवला’, किंवा १५३, ‘वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं’, असं दिसलं तर लॅन कार्डाला विनाकारण बोल लावू नका. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून कंट्रोलरला झटका द्यावा लागला, असा त्याचा अर्थ. तेवढा वेळ, कधी अर्धा मिनिट, सर्व्हरवरची प्रत्येक फाइल गोठते आणि टेबलावर बसलेल्याला ते हुबेहूब नेटवर्क गेल्यासारखं वाटतं. साटा केबल बदला, स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नवा घ्या, पॉवर प्लॅनमध्ये लिंक पॉवर मॅनेजमेंट बंद करा. क्रमांक ७, म्हणजे बॅड ब्लॉक, असेल तर ड्रायव्हर राहू दे, आधी बॅकअप घ्या.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून आणखी एक प्रकार दिसतो. प्रो आवृत्तीत एसएमबी सायनिंग (विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या प्रत्येक निरोपावरची सही) आता मुळातच सक्तीचं आहे आणि पासवर्डाशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश चालत नाही. जुना नॅस डबा (नेटवर्कवर फाइली साठवायचा तयार डबा) किंवा ‘एव्हरीवन’ला उघडा ठेवलेला फोल्डर एका सकाळी दिसेनासा होतो. जुन्या कमजोर प्रोसेसरवर सायनिंगचा भारही जाणवतो. यावर नवं कार्ड हा उपाय नाही; सर्व्हरवर रीतसर युजर आणि पासवर्ड तयार करणं हा आहे.

लिनक्सवर सर्व्हर असेल तर ८१२५ ला ५.४ पासूनच्या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधार आहे, आर८१६९ नावाच्या ड्रायव्हरमधून. त्याआधीच्या कर्नेलवर कार्ड दिसणारच नाही. रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर घातला तर तो डीकेएमएसमार्फत (नवं कर्नेल आलं की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) घाला, नाहीतर कर्नेल अपडेट झाल्यावर सकाळी नेटवर्क गायब. फ्रीबीएसडीवर आधारलेल्या नॅस प्रणालीसाठी हे कार्ड घेऊ नका, तिथे इंटेल बरं.

मग कुणी घ्यावं?

मदरबोर्डवरचं पोर्ट जळलंय त्यांनी, डोळे मिटून. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आणि परतीचा पाऊस यांत लॅनच्या वायरीतून येणारा झटका पहिल्यांदा पोर्ट खातो. कार्ड लावलेलं असलं तर बरेचदा कार्डावर निभावतं आणि मदरबोर्ड वाचतो, हा या वस्तूचा खोक्यावर न छापलेला गुण. तरी दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकली असेल, म्हणजे घरापासून पॅकिंग शेडपर्यंत किंवा ऑफिसपासून गोदामापर्यंत, तर ती काढून फायबर (काचेची केबल) आणि तिच्या दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची वायर काचेच्या केबलला जोडून देणारे डबे) टाका. काचेतून झटका येत नाही. अर्थिंगही बघून घ्या. जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतायला कुणाला आठवत नाही.

व्हिडिओचं काम करणाऱ्या स्टुडिओने घ्यावं, पण स्विच आणि संपादनाचं मशीनही अडीच गिगाबिटचं असेल तर. गिगाबिट स्विचला जोडलं की कार्ड निमूट गिगाबिटवरच चालतं. केबल नवी ओढायची गरज नाही, कॅट-५ई वर अडीच गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, ८०२.३बीझेड हे २०१६ चं मानक त्यासाठीच आहे. सर्व्हरमध्ये मात्र एसएसडी हवी. फिरती डिस्क दीडशे-दोनशे एमबीवर दमते, तर हे कार्ड सेकंदाला पावणेतीनशेपर्यंत देऊ शकतं.

टॅली, एक्सेल, पीडीएफ एवढंच काम असलेल्या ऑफिसला अडीच गिगाबिटचा उपयोग शून्य. त्यांना वेगळं पोर्ट हवंच असेल तर इंटेल आय२१० चं साधं गिगाबिट कार्ड जास्त शांत. पण इंटेलच्या नावाने नकली कार्डं भरपूर फिरतात, तेव्हा फार स्वस्त दिसलं की हात आखडा. इंटेलचंच आय२२५ अडीच गिगाबिटवालं जुन्या साठ्यातलं घेऊ नका. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत काही स्विचांबरोबर अडीच गिगाबिटवर पाकिटं गळायचा दोष चिपमध्येच होता, ड्रायव्हरने तो पुरता जात नव्हता. यूएसबीचं लॅन अडॅप्टर लॅपटॉपला ठीक. सर्व्हरला कायमचं लावू नका, यूएसबीची वीजबचत मध्येच त्याला झोपवते. आणि वायफायवर भागेल असं वाटत असेल तर चिऱ्याची दीड फुटी भिंत मधे आहे हे ध्यानात घ्या.

पावसाळ्याआधी एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, परत दाबून बसवा आणि स्क्रू आवळा. आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: चिपचा आयडी, चालू असलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती, आयपी, आणि त्या दिवशीचा आयपर्फचा दोन्ही दिशांचा आकडा. पेनड्राइव्ह तिथेच दोरीला बांधून ठेवली तर आणखी उत्तम.